गांज्याचे खळे

ज्वारीची मळणी ज्याने बालपणी पाहिली आहे, त्याला खळ्याच्या मध्यभागी रोवलेला तिवडा, त्याभोवती पातीला जुंपून फिरणारे बैल आणि उन्हात तडतडणारी कणसे यांचे वर्णन करून सांगावे लागत नाही. परंतु याच देशात एक पीक असे होते की ज्याच्या खळ्यावर बैलाचे काहीच काम नसे, आणि तुडवणीचा सारा व्यवहार माणसाच्या अनवाणी पायांनीच उरकावा लागे, कारण तेथे दाणा सोडवावयाचा नव्हता, तर फुलोऱ्यातील चिकट राळ फुलोऱ्यातच दाबून बसवावयाची होती. ते पीक गांज्याचे. त्याच्या लागवडीविषयी आणि सेवनाविषयी बरे-वाईट पुष्कळ लिहिले गेले आहे. पण कापणीनंतर चार-पाच दिवस त्या खळ्यावर जे घडे, त्याकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही, आणि माझ्या मते या वनस्पतीच्या भारतीय इतिहासाचे मर्म नेमके त्या चार-पाच दिवसांत आहे.

भांग, गांजा आणि चरस ही तिन्ही एकाच झाडाची अपत्ये आहेत हे सर्वांस ठाऊक असते. पान सुकवले की भांग, मादी झाडाचा बीज न धरलेला फुलोरा दाबून सुकवला की गांजा, आणि राळ वेगळी काढली की चरस, असा हा ढोबळ भेद होय. परंतु शेतातून तोडून आणलेला हिरवा फुलोरा म्हणजे गांजा नव्हे. तो चुरगळला तर हाताला चिकटतो, वास उग्र गवतासारखा येतो, आणि तसाच ढिगाने ठेवला तर दोन दिवसांत काळा पडून कुजतो. दुधाचे लोणी होण्यास जशी विरजणाची व घुसळणीची गरज, तशी या फुलोऱ्याला ऊन, दव, दाब आणि ऊब यांची क्रमवार गरज असते. आणि हा क्रम जाणणाऱ्या माणसांची एक स्वतंत्र विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

वनस्पतीची कीर्ती फार जुनी. अथर्ववेदात भंगा ही श्रेष्ठ वनस्पतींच्या मालिकेत आली आहे. भावप्रकाशासारख्या वैद्यकग्रंथांत तिचे विजया हे मंगल नाव आढळते. आपल्या किनाऱ्यापुरते बोलावयाचे तर तिचे पहिले सविस्तर पाश्चात्त्य वर्णन गोव्यातच छापले गेले. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य, जो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्याही दरबारी जाऊन-येऊन असे, त्याने १५६३ साली गोव्यात आपला औषधिसंवाद प्रसिद्ध केला, आणि त्यातील एक संवाद खास भांगेवर आहे. गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने आपल्याला रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान अशा दूरदेशी जावेसे वाटले की थोडी भांग घेतली म्हणजे पुरे, असे पोर्तुगीज सेनापतीस सांगितल्याची हकीकत त्याने तेथे नोंदवली आहे. मात्र ऑर्ताने वर्णिलेली वस्तू कुटलेल्या पानांची व क्वचित बियांची आहे. ती खाण्यापिण्याची आहे, ओढण्याची नव्हे. तंबाखू आणि तिच्याबरोबरचे धूम्रपानाचे साधन दख्खनेत रुळले ते त्यानंतर; अकबराचा अधिकारी असदबेग याने सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी विजापुराहून तंबाखू नेऊन बादशहापुढे ठेवली, हे प्रसिद्धच आहे. चिलीम आली, तिच्या तळाशी खडा आणि मुखाशी ओली छापी आली, आणि मग घोटून प्यावयाच्या पानापेक्षा जळताना मंद धुमसणाऱ्या, घट्ट दाबलेल्या फुलोऱ्याला अधिक भाव आला असावा, असा माझा तर्क आहे. पानाला खळ्याची एवढी मातब्बरी नव्हती, चिलमीला होती.

या खळ्याची माहिती आपणास उपलब्ध का आहे, हेही सांगितले पाहिजे. तुडवणाऱ्यांनी काही लिहून ठेवले नाही. कंपनी सरकारने १७९३ च्या चौतिसाव्या रेग्युलेशनने बंगालात कलेक्टरच्या परवान्याशिवाय मादक पदार्थ करण्यास व विकण्यास मनाई केली, तेव्हापासून गांजा हा अबकारी दप्तराचा विषय झाला. आणि ज्या वस्तूवर कर बसवावयाचा ती कशी होते, किती वाळते, किती घटते, हे जाणल्यावाचून सरकारी कारकुनाला चलनावर आकडा घालता येत नाही. म्हणून १८७७ साली डेप्युटी कलेक्टर हेमचंद्र कर यांनी बंगालच्या गांज्याच्या लागवडीवर व व्यापारावर अहवाल लिहिला, १८९३ साली कलकत्त्याच्या सरकारी वनस्पतिउद्यानातील डेव्हिड प्रेन यांनी दुसरा लिहिला, आणि त्या पाठोपाठ भारतीय हेम्प ड्रग्ज कमिशनचे सात खंड आले. महसुलाच्या लोभाने का होईना, पण इतक्या बारकाईने नोंदलेली ग्रामीण कारागिरी आपल्या देशात विरळा. आमच्या हळदीच्या काहिलींविषयी किंवा निपाणीच्या तंबाखूच्या खळ्यांविषयी त्या काळी कोणी याच्या दशांश कळकळीने लिहून ठेवले असते, तर किती बरे झाले असते!

या सर्व कागदपत्रांचे केंद्र आहे राजशाही जिल्ह्यातील नौगाव. छोट्या यमुनेच्या काठचे हे गाव आज बांगलादेशात आहे. त्याच्या आसपासचा, राजशाही, दिनाजपूर व बोगरा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे मिळतात तो लहानसा टापू गांजामहाल या नावाने ओळखला जाई, आणि साऱ्या बंगाल प्रांतात परवान्याची लागवड काय ती तेवढ्याच टापूत होती. उंचवट्याची, सावली नसलेली, हलकी जमीन निवडून, तिला महिनोन्‌महिने नांगरट, शेण आणि मोहरीची पेंड देऊन श्रावण-भाद्रपदात रोपवाटिकेत बी टाकीत, आश्विनात रोपांची लावणी करीत, आणि कार्तिकात, म्हणजे झाडे फुलावर येण्याच्या ऐन तोंडावर, शेतात एका विशेष माणसाला पाचारण करीत.

त्या माणसाला पोद्दार किंवा परखदार म्हणत. आपल्याकडील पोतदार आणि हा पोद्दार हे मुळात एकाच फारसी शब्दाची रूपे. आपला पोतदार नाण्याचा खरेखोटेपणा पारखी, तो झाडाचे लिंग पारखी. नर झाडांचे पराग वाऱ्याने पसरले की मादी झाडे बीज धरतात, आणि बीज धरलेल्या फुलोऱ्यात राळ उणावते. यास्तव नर झाड फूल उमलण्यापूर्वीच ओळखून उपटणे अगत्याचे असे. कळी अजून नीट दिसतही नाही अशा अवस्थेत, ओळीओळीतून वाकून जात, केवळ पेराच्या ठेवणीवरून हा मनुष्य झाडे मोडीत किंवा उपटीत पुढे सरके, आणि काही दिवसांनी राहिलेली हुडकण्यास पुन्हा येई. शेतकरी आपल्या डोळ्यांवर विसंबून न राहता त्याला बिघ्यामागे मजुरी देत. एका शेतातील चुकलेली दोन झाडे शेजाऱ्याच्या शेतालाही बाधत, त्यामुळे या पारखीची जबाबदारी साऱ्या शिवाराची होती. वनस्पतिशास्त्राचे पुस्तक ज्याने कधी उघडले नाही त्याने परागधारणेचे तत्त्व इतक्या अचूकपणे व्यवहारात आणावे, याचा मला फार आदर वाटतो.

माघ-फाल्गुनात फुलोरा पिवळसर तपकिरी होऊ लागला की कापणी. कापलेली झाडे ज्या मोकळ्या, गवताळ, कुंपण घातलेल्या जागेत आणीत तिला चातर म्हणत. चपटा गांजा करावयाचा असेल तर पहिल्या दिवशी झाडाच्या फांद्या हातभर लांबीच्या तोडून, ज्यांना फुलोरा नाही त्या काटक्या बाजूला टाकून, उरलेल्या डहाळ्या गवतावर पसरीत. दिवसभर ऊन आणि रात्रभर दव. उन्हाने पाने मरगळत, आणि दवाने ती पुन्हा इतकी नरम होत की दुसऱ्या दिवशी दाबली असता चुरा न होता लवत. माघातील बंगालचे दव हे या धंद्यातील एक बिनमोल हत्यारच होते. अवकाळी पाऊस मात्र सर्वनाश करी.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरे काम सुरू होई. डहाळ्यांच्या जुड्या बांधून, चटईवर त्यांचे वर्तुळ रचीत: शेंडे आत, देठ बाहेर, एकावर एक सरकलेले. मग माणसे त्या वर्तुळावर चढून, एकमेकांच्या आधाराने, एका पायाने जुडी दाबून धरीत व दुसऱ्या पायाने चेपीत गोल फिरू लागत. थर चेपला गेला की त्यावर नवा थर, असे करीत रास वाढे. मग तिच्यावर चटई टाकून काही माणसे नुसती बसून राहत, म्हणजे त्यांच्या वजनाने आतला फुलोरा बसे आणि आतल्या आत ऊब धरे. नंतर रास मोडून जुड्या एकमेकींवर झटकावयाच्या. सुटे पान आणि चुकूनमाकून धरलेले बी चटईवर झडून पडे, फुलोरा डहाळीवरच राही. पुन्हा रास, पुन्हा तुडवण, पुन्हा झटकणे. तिसऱ्या दिवशी हाच क्रम. आज ज्या कामाला परदेशी बागवान कात्री घेऊन तासन्‌तास बसतात, ते फुलोऱ्याभोवतीचे पान छाटण्याचे काम नौगावच्या खळ्यावर कात्रीवाचून, केवळ सुकवणीचा नेमका क्षण साधून आणि झटकून होई. पान आधी वाळते व ठिसूळ होते, राळेने जड झालेला फुलोरा मागाहून. या दोहोंमधली जी काही घटका असे, तिच्यातच ते उरकून घ्यावयाचे.

गोल गांजा याहून नाजूक. त्यासाठी डहाळ्या अधिक काळजीने निवडून, आखूड तोडून, जास्त वेळ कोमेजू देत. चातरावर छातीच्या उंचीवर एक आडवा बांबू बांधलेला असे. त्याला हातांनी धरून मजूर पायाखाली जुडी घोळवीत, म्हणजे चपटी न होता ती वळली जाई. त्यानंतर एकेक डहाळी हातात घेऊन तळव्यांनी गोल फिरवून, सुरळीसारखी घट्ट व गुळगुळीत करीत, आणि चटयांखाली दाबून ठेवीत. मजुरी व वेळ अधिक, म्हणून किंमतही अधिक. या दोन्ही प्रकारांच्या खटाटोपात फुलोऱ्याचे जे तुकडे गळून पडत, ते गोळा करून, चाळून, पुन्हा तुडवून जो निराळा माल होई त्याला चूर म्हणत. त्यात काटकी जवळजवळ नसे, सारा राळेचाच अंश. म्हणून तो सर्वांत कडक.

आता अबकारीचा पेच पाहा. चपट्या गांज्यात देठाचे लाकूड पुष्कळ, गोलात थोडे, चुरात नाहीच. शेरामागे एकच कर आकारला तर गिऱ्हाईक आणि व्यापारी दोघेही चुराकडे धावणार, आणि लाकडाच्या वजनाला सरकार कर घेते म्हणून चपट्याचा व्यापारी ओरडणार. अखेर सरकारला तीन जातींना तीन दर लावावे लागले: चपट्याला हलका, गोलाला चढा, चुराला सर्वांत चढा. म्हणजे साहेबाच्या दप्तरातील वर्गवारी चातरावरच्या पायांनी आधीच करून ठेवली होती. दप्तराने तिच्यावर फक्त मोहोर उमटवली. माल तयार झाला की गोलादार व पायकार हे व्यापारी चातरावरच येऊन सौदे करीत, आणि पुढे तो चलनानिशी प्रांतोप्रांती रवाना होई. वायव्य प्रांतांच्या बाजारात या बंगाली मालाला बालूचर म्हणत, तर खंडव्याकडील मालाला पत्थर.

खंडव्याचा विषय निघाला म्हणून दक्षिणेकडे वळू. मध्यप्रांतात नेमाड जिल्ह्यातील खंडवा हे या पिकाचे ठिकाण, आणि मुंबई इलाख्यात मुख्यत्वे अहमदनगर व सातारा. आमच्या कोरड्या देशावर बंगालसारखे दव नाही, व चातराची ती कलाकुसरही नव्हती. शेतकरी आपल्या नेहमीच्याच खळ्यावर डहाळ्या पसरून, सुकवून, पायांनी चेपून, रास घालून, पुन्हा उलगडून माल तयार करी, आणि तो चपटाच असे. पोद्दारासारखा पगारी पारखी येथे नव्हता. नर झाडे शेतकरी आपली आपणच काढी. साहजिकच बी अधिक राही, आणि दर्दी गांजेकस बंगालचा माल उजवा मानी. परंतु एक गोष्ट दख्खनेत ठळक होती: खळ्यावर झडलेले पान येथे वाया जात नसे, बाजारात जी भांग म्हणून विकली जाई ती बहुतांशी हेच पान होते. शिवरात्रीला व शिमग्याला ज्या पानाचा घोटा चाले, ते असे गांज्याच्या खळ्याचे अंग होते. आमच्याकडील अंमल १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली चाले.

तुडवणीच्या या क्रियेत प्रत्यक्ष काय घडते, याचा विचार प्रेन यांनी केला होता. राळ झाडातच असते, पाय ती निर्माण करीत नाही. पण तुडवणीने ती सुकून गळून न जाता फुलोऱ्यात धरली जाते, आणि दाबलेल्या राशीतील उबेने मालात पालटही होतो, असा त्या निरीक्षणाचा मथितार्थ. रसायनशास्त्र यापुढे गेले ते हळूहळू. १८९६ साली केंब्रिजमधील वुड, स्पिव्ही व ईस्टरफील्ड यांनी चरसातून कॅनॅबिनॉल हे द्रव्य काढले. पण मादक गुणाचे खरे द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल, शुद्ध रूपात हाती आले १९६४ साली, इस्राएलमध्ये गाओनी व मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत. ताज्या झाडात हे द्रव्य अम्लरूपात असते व उष्णतेने ते अम्लरूप मोडते. उघड्या हवेत ते हळूहळू बदलून पहिल्या शोधातील त्या निस्तेज कॅनॅबिनॉलात जाते. नौगावच्या कोठारदारांना याची नावे ठाऊक नव्हती, परिणाम मात्र चांगला ठाऊक होता: वर्षभरानंतर मालाचा कस उतरतो, दोन-तीन वर्षांनी तो निरुपयोगी होतो, ही गोष्ट त्या काळच्या साक्षींत पुनःपुन्हा आली आहे.

या साक्षी घेतल्या त्या वर सांगितलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने. ब्रिटिश पार्लमेंटात गांजाबंदीच्या पक्षाने प्रश्न उपस्थित केल्यावरून हिंदुस्थान सरकारने जुलै १८९३ मध्ये ते नेमले. पंजाबचे मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सभासदांत कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनाचे अध्यापक वॉर्डन, आणि तीन हिंदी गृहस्थ. त्यांनी ११९३ साक्षीदार तपासले, आणि १८९४ साली असा निर्णय दिला की संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही, माफक सेवनाने सर्वसाधारणपणे अपाय दिसत नाही, अतिरेकाने होतो. म्हणून कर पुरेसा असावा, दुकाने थोडी असावीत, आणि लागवड परवान्याखाली एकत्र आणून परसातली, झोपडीमागची चार-दोन झाडे बंद करावीत. या शेवटच्या शिफारशीचा परिणाम फार खोल झाला. ज्याच्या अंगणात तुळशीपलीकडे विजयेचे झाड उभे होते, त्या बैराग्याची आणि खेडुताची घरगुती सुकवणी बेकायदा ठरली, आणि जी विद्या हजार दारी विखुरलेली होती ती मोजक्या परवानेदारांच्या कुंपणात बंदिस्त झाली.

हा निर्णय एकमुखी मात्र नव्हता, हे सांगणे मी कर्तव्य समजतो. ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर राय आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद या दोघांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. ताहिरपूरची जमीनदारी राजशाही जिल्ह्यातलीच. ज्यांच्या जिल्ह्यात साऱ्या प्रांताचा गांजा पिके, त्या जमीनदारानेच बहुमताच्या निर्णयाशी असहमती नोंदवावी, याचे मोल दूर लंडनमध्ये बसून प्रश्न विचारणाऱ्यांच्या मतापेक्षा मला अधिक वाटते. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे कमिशनच्या सरासरीत मावत नाहीत, आणि ती त्या काळीही होती, आजही आहेत.

नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ साली आपली सहकारी संस्था स्थापिली. व्यापाऱ्यांच्या कर्जातून सुटून उत्पादकांनी आपल्या मालाची विक्री आपल्या हाती घेतली, आणि नफ्यातून त्या भागात शाळा व दवाखाने उभारले. आपल्याकडील साखर कारखान्यांच्या सहकाराला अजून तीसहून अधिक वर्षे अवकाश होता. १९४७ च्या फाळणीने नौगाव पूर्व पाकिस्तानात गेले व हिंदुस्थानची बाजारपेठ तुटली. बांगलादेश सरकारने १९८७ साली लागवड थांबवली, आणि चातर मोडले.

भारतात त्याआधी दोन वर्षे, नोव्हेंबर १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा सध्याचा कायदा अमलात आला. त्यात गांज्याची जी व्याख्या आहे ती वाचताना मला चातरावरची चटई दिसते: झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे, आणि त्यातून वगळलेले बी व पान, मात्र ते शेंड्यांबरोबर नसेल तरच. पायाखालून झटकून बाजूला पडलेले पान एका बाजूस, डहाळीला चिकटून राहिलेला फुलोरा दुसऱ्या बाजूस. काशीत सरकारी परवान्याच्या दुकानात आजही भांगेचा गोळा राजरोस मिळतो, तो या वगळलेल्या पानाचा.